शिफ्टजवळची खुर्ची

कापसाच्या जिनात नोकरी केली की कपड्यांना रुई चिकटते, तसे किस्सेही चिकटतात. कितीही झटका, दोन-चार उरतातच. माझ्याजवळ उरलेत ते बहुतेक आमच्या टाइपरायटरचे. पन्नास-बावन्न सालची गोष्ट, हिंगणघाटची.

*

मी कारंज्याहून नवा कारकून म्हणून आलो. पहिल्याच दिवशी टायपिस्ट गुलाबरावांनी मला मशीनच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसवलं. पत्रं इंग्रजीत जायची. मोठं अक्षर आलं की शिफ्टची कळ दाबून धरायची आणि दुसरी कळ मारायची. नुसत्या शिफ्टनं कागदावर काहीच उमटत नाही.

"लई जड आहे ते, माह्या करंगळीनं दबत नाई," गुलाबराव म्हणाले. "मी हं म्हटलं की तू दाबजो."

एका मशीनला दोन माणसं! अख्खा जिन हसायचा.

*

एकदा मला शिंकांची उबळ आली आणि बोट शिफ्टवरच राहिलं. गुलाबरावांची नजर मजकुरावर. अर्धं पत्र मोठ्या अक्षरांत गेलं. मुंबईच्या व्यापाऱ्याला वाटलं, मॅनेजरसाहेब भडकलेत. त्यानं उलट टपाली माफी मागितली! कशाची, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

*

एक हं आणि दुसरा हं, यांच्यामध्ये गुलाबराव बोलत. बायको वारलेली, लेक अमरावतीला दिलेली. घरी बोलायला भिंती. रविवारी ऑफिस बंद असे, तरी ते फाटकाशी येऊन चौकीदाराला विचारून जात, काही टाइप करायचं निघालं का म्हणून.

मी त्यांना चिडवायचो. पण माझ्या खोलीवर तरी कोण होतं? रविवार खायला उठायचा. सोमवारी ती खुर्ची दिसली की जिवाला बरं वाटायचं.

*

शेवटी साहेबांनी नागपूरहून मेकॅनिक बोलावला. त्यानं एका बोटानं शिफ्ट दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"हे तं एकदम हलकी आहे. तुमाले काऊन बसवून ठेवलं इथं?" त्यानं मला विचारलं.

मी छताकडे पाहिलं. ती हलकी आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. गुलाबराव रिबिनीशी चाळा करत बसले. साहेबांनी खुर्ची उचलायला लावली आणि मला वजनकाट्यावर धाडलं.

*

दुसऱ्या दिवशीच्या पत्रांत एकही मोठं अक्षर नव्हतं. मुंबईही लहान, साहेबांचं नावही लहान! साहेब कागद घेऊन बाहेर आले. आता म्हाताऱ्याची नोकरी जाते, या धास्तीनं मी काटा सोडून दारात येऊन उभा राहिलो.

"शिफ्ट चांगली आहे ना, गुलाबराव?"

"आहे जी."

"मग?"

"एकट्यानं नाई दबत, साहेब."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. बंगल्यात तेही एकटेच राहत, बायको-मुलं जबलपूरला. मग ते केबिनमध्ये गेले, स्वतःची खुर्ची ओढत आणली, मशीनच्या डाव्या बाजूला बसले आणि शिफ्टवर बोट ठेवलं.

"आमच्या घरचे दिवाळीलाही येणार नाही म्हणतात, गुलाबराव," साहेब म्हणाले.