एक पडला की एक

नामदेवभाऊ फाशाकडे कधी पाहत नसत. वीस बाजूंचा तो फासा सतरंजीवर गरगरू लागला की ते मान खिडकीकडे वळवायचे आणि विचारायचे, "काय पडलं? खरं सांग." आम्ही सांगू ते प्रमाण.

हा खेळ माझ्या धाकट्या भावाने, नितीनने घरात आणला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात आणि अवघड प्रसंगी निभावलं की नाही ते फासा ठरवतो. गोष्ट सांगायला मी माझ्या चिकलठाण्याच्या कंपनीतल्या नामदेवभाऊंना पुंडलिकनगरला आमच्या घरी बोलावलं. मेंढरांमागे वाढलेला माणूस. बोलायला लागला की आमचा चहा गार व्हायचा. नियम मात्र कडक. वीस पडला की जमलंच, मग करणारं पोर का असेना. एक पडला की फसलंच, मग पैलवान का असेना. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "एक पडला की एक. तिथं भलेभले बी पडतेत. त्यात माणसाचा कसूर नसतो."

मला फार उशिरा कळलं, ते तुम्हाला आधीच सांगते. दुष्काळात त्यांच्या गावची विहीर तळाला गेली होती. दोराने उतरायचं आणि वाटीवाटीने घागर भरायची. त्यात भाऊंचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. एकदा त्यांची धाकटी बहीण मंगल उतरली आणि दरड अंगावर आली. भाऊ तिला पाठीला बांधून वर येत होते, निम्म्यात हातातला दोर सुटला. भाऊ तेवढे वाचले. "रोजच्या उतरणाऱ्याचा दोर सुटतोच कसा?" गाव वर्षानुवर्षं विचारत राहिलं. पुढे शहर तिथवर पोचलं, विहीर बुजली, वर प्लॉट पडले. भाऊंच्या गोष्टीत मात्र एक विहीर असायचीच. आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करायचो, अजून लाज वाटते.

त्या रविवारी गोष्टीतल्या पोरीला काढायला नितीन विहिरीत उतरला. खेळात दोराच्या कसबाचे गुण त्याचेच सगळ्यांत जास्त होते.

"काय पडलं?"

"एक. पण भाऊ, मी नियमांचं पुस्तक वाचलंय. आपोआप जमणं-फसणं फक्त तलवारीच्या वाराला आहे, दोराला नाही. माझ्या कसबाचे गुण त्यात मिळवले की एक पडूनही मी पास. मी चुकूच शकत नाही."

"चुकूच शकत नाय?"

"नाही. इतका तरबेज माणूस दोरावरून पडत नसतो."

भाऊंनी पहिल्यांदाच फाशाकडे पाहिलं. "मग सुटला कसा?" असं हळूच म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

पुढचे रविवार ते आलेच नाहीत, म्हणून आम्ही मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी ओट्यावरच मंगलची हकिगत सांगितली. नितीनचं तोंड उतरलं. आत जाऊन त्याने भाऊंचे पायच धरले. "भाऊ, तुमचाच नियम खरा. पुस्तक गेलं चुलीत."

भाऊंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "नाय रे बाबा. लिहिणारानं बराबर लिहिलंय. माझाच हात ढिला पडला असंल." त्यांनी रागावायला हवं होतं, आम्हाला बरं वाटलं असतं.

त्याच उन्हाळ्यात भाऊ तापाने गेले. वहिनी सांगत होत्या, तापात त्यांनी दोन्ही मुठी आवळून धरल्या होत्या. अंग पुसायला त्या सोडवू म्हटलं तरी सुटत नव्हत्या. शेवटी तशाच मिटल्या मुठींनी त्यांना न्यावं लागलं.