रंगनाथची बोटं

मालननं रंगनाथला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला त्याचे फक्त पाय दिसले. पिंगळी स्टेशनबाहेर एक जीप बंद पडली होती आणि कुणीतरी तिच्याखाली शिरलं होतं. एकाहत्तर सालची, लग्नाआधीची गोष्ट. मावशीला रेल्वेत बसवून मालन माघारी निघाली होती. जीपभोवती जमलेल्यांपैकी कुणी बॅटरी गेली म्हणत होतं, कुणी डायनामो. तेवढ्यात खालून आवाज आला, "दिवे लावा आन् जरा दम धरा." मग लांब बोटांचा एक हात बाहेर आला, चाकावरून गेलेल्या वायरीवर हळूहळू सरकला आणि एका जागी थांबला. ज्वारी निवडताना बोटाला खडा लागावा तसा.

"हितं हाय," तो म्हणाला. आणि तिथंच होतं.

पुढं त्याच माणसाचं स्थळ आलं, तेव्हा मालननं मुलगा बघायचा आग्रह धरला नाही. हात पाहिला होता, तेवढा तिला पुरे वाटला.

परभणीत जिंतूरच्या रस्त्याला रंगनाथचं पत्र्याचं दुकान होतं. मोटारीच्या वायरिंगचं काम तो पूर्णेच्या एका उस्तादाकडं शिकला होता. इतर मिस्त्री दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन फॉल्ट शोधत. उस्तादाचं म्हणणं होतं, 'बल्ब झूट बोलता, उंगली नहीं बोलती.' जोड सैल असला, आतून गंजला असला, तरी इवलासा बल्ब त्यातून पेटतो आणि सगळं ठीक आहे असं सांगतो. पण गाडीचे मोठे दिवे लावले, वीज जोरात वाहू लागली की तोच जोड तापतो. तो बोटाला कळतो. रंगनाथ म्हणूनच दिवे लावून, डोळे मिटून वायरीवरून बोटं फिरवायचा. फ्यूज उडाला तर तो का उडाला हे सापडेपर्यंत नवा बसवायचा नाही.

त्याचं नाव झालं. सिद्धलिंगअप्पांची भाड्यानं फिरणारी अँबॅसिडर दुसऱ्या कुणाकडं जात नसे. अप्पा किराणा दुकानदार, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे. गाडीचं काम चालेपर्यंत ते दुकानातल्या डब्यावर बसायचे आणि रंगनाथच्या घरच्या कपातून चहा प्यायचे. रंगनाथचे वडील आश्रुबा यांना तरुणपणी बोरीच्या हॉटेलात चहा मिळायचा तो बाहेर, वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपात. घरानं धम्म घेतल्याला वीस वर्षं होत आली होती, तरी तो कप म्हाताऱ्याच्या मनातून गेला नव्हता. अप्पा चहा पिताना पाहायला म्हणून आश्रुबा कधीकधी दुकानात येऊन नुसते बसत.

मालन रोज दुपारी भाकरी घेऊन यायची. पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात ती अशीच आली, तर दारातच तिला कातडं करपल्यासारखा वास आला. रंगनाथ अप्पांच्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकला होता. डोळे मिटलेले, दोन बोटांत एक जोड धरलेला. वायरीवरचं रबर मऊ होऊन ओघळलं होतं.

"गार हाय," तो अप्पांना सांगत होता. "हितं काय न्हाई."

मालननं भाकरीचं गठुडं खाली टाकलं आणि त्याचा हात ओढून काढला. दोन्ही बोटांची टोकं पांढरी पडली होती. रंगनाथनं ती पाहिली. दुसऱ्या कुणाची बोटं पाहावीत तशी पाहिली.

कोपरावर एक फिक्का चट्टा त्याला बऱ्याच दिवसांपासून होता. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून त्यानं सोडून दिला होता. डॉक्टरांनी आधी तो पाहिला, मग त्याला डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, कापूस जिथं लागेल तिथं बोट दाखव. मालन शेजारी उभी होती. कापसाचा पुंजका पंजावर टेकला, तळहातावर टेकला, एकेका बोटावरून फिरला. रंगनाथ शहाण्या मुलासारखा डोळे मिटून बसला होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "करा की सुरू, डॉक्टरसाहेब."

मालननं पदर तोंडात धरला.

डॉक्टर भले होते. काही वर्षं गोळ्या घ्याव्या लागतील, आजार थांबेल, औषध चालू असलं की घरच्यांनी घाबरायचं कारण नाही, असं त्यांनी समजावलं. बोटांचं विचारल्यावर मात्र ते म्हणाले, "गेलेली जाणीव परत येईल, असं मी सांगणार नाही."

त्यानंतर बोटं मालनची आणि डोकं रंगनाथचं, असं काम सुरू झालं. ती वायरीवरून हात फिरवायची, तो मागून विचारायचा, "किती ऊन हाय?" ती म्हणायची, "नुकत्याच काढलेल्या दुधाइतकं." तो म्हणायचा, "मग फुडं चल." कधी ती म्हणायची, "तव्यावरून उतरलेल्या भाकरीइतकं," आणि त्याचा चेहरा उजळायचा. अप्पांच्या गाडीचा रोज उडणारा फ्यूज त्यांनी असाच पकडला. त्या दिवशी रंगनाथनं दिवसभर कुणाकुणाला सांगितलं, आमच्या मालनचं बोट माझ्यापरीस तेज हाय.

पण दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत त्याला कुणीतरी पाहिलं, आणि महारोग हा शब्द मोंढ्यापर्यंत, धान्याच्या बाजारापर्यंत गेला. एकेक गाडी दुसरीकडं वळू लागली. अप्पा येत राहिले, पण डब्यावर बसेनात. चहा पुढं केला की म्हणायचे, आज सोमवार आहे, उपास आहे. दोनदा रंगनाथनं तो चहा आपणच पिऊन टाकला. तिसऱ्यांदा आश्रुबाही दुकानात होते.

"अप्पा," रंगनाथ हसून म्हणाला, "तुमचा सोमवार आता रोजच यायलाय."

अप्पांचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हे तो. कपाकडं पुढं झालेला त्यांचा हात मागं गेला, आणि ते हळू आवाजात म्हणाले, "घरात लेकरंबाळं हायती, रंगनाथा." मालननं कप उचलून आत नेला. आश्रुबा उठले, जोडे घातले आणि निघून गेले. त्यानंतर ते दुकानात कधी आले नाहीत. अप्पांची गाडीही आली नाही.

याला आता तीन वर्षं होतील. रंगनाथच्या गोळ्या अजून चालू आहेत. दुकान मालन चालवते. दुरुस्तीला गाडी क्वचितच येते. आसपासचे लोक ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करायला ठेवून जातात, कारण बॅटऱ्यांना हात मालनच लावते. दुपारी रंगनाथ घरून भाकरी घेऊन येतो. कालवण गरम असो की गार, त्याचं भांडं तो जाड फडक्यात धरून आणतो.