डावीकडून आलेली हाक

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. पण हे माझ्याच बाबतीत झालं, म्हणून लिहितेय.

मी इंदापूर तालुक्यातली. तापानं दोन्ही कान गेले तेव्हा मी तिशीत होते. पुढे उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट बसवलं. कानामागचं मशीन लावलं की ऐकू येतं... पण एकाच बाजूला असल्यामुळे आवाज कुठून आला ते कळत नाही. डाळिंबाच्या बागेत कुणी हाक मारली की मी चारी बाजूंना बघत राहते. नवरा होता तोवर तो हात वर करायचा. तो गेल्यापासून लोक एकदोनदा हाक मारतात आणि नाद सोडतात.

मागच्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं, एरवी पाण्याखाली असलेलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं. एका दुपारी एकटीच बघायला गेले. वाऱ्यामुळे मशीनमध्ये नुसती घरघर. काढून पर्समध्ये ठेवलं. मशीन नसलं की मला काहीच ऐकू येत नाही — अगदी काहीच.

आणि हाक आली. "शालन..."

माझंच नाव. मागून, डावीकडून. मशीनमधला पत्र्यावरून आल्यासारखा आवाज नव्हे; आजारपणाआधी ऐकायचे तसा, माणसाचा. मी न शोधता थेट तिकडे वळले आणि चालत गेले. बाभळीच्या झुडपांमागे मासे धरणारे एक आजोबा कमरेपर्यंत गाळात रुतले होते. मान टाकलेली. मी पळत जाऊन होडीवाल्यांना आणलं. त्यांनी फळ्या टाकून आजोबांना ओढून काढलं.

त्यांना पाणी पाजलं, माझं मशीन कानाला लावलं आणि विचारलं, "तात्या, तुमी मला हाक मारली का?"

"आदी लय वरडलो. मग घसाच बसला," ते कसंबसं बोलले. "तुमी आला तवा तोंडातनं शब्द फुटत न्हवता."

"शालन म्हणालात?"

"कोण शालन?"

तिथं मला नावानं ओळखणारं कुणीच नव्हतं. आवाज नवऱ्याचा होता असं म्हणायला मला आवडलं असतं. पण नव्हता. बाईचा की पुरुषाचा, तेही सांगता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, ऐकू न येणाऱ्यांना असे भास होतात, मेंदूच ते तयार करतो. असेल. पण भासाला बाजू कशी होती, आणि नेमका त्याच बाजूला माणूस कसा होता?  मला अजून याचा उलगडा झालेला नाही.

पाणी परत चढण्याआधी मी पुन्हा तिथं गेले. मशीन काढून हातात धरलं आणि ऊन कलेपर्यंत उभी राहिले. कुणी हाक मारली नाही.