पाणी येऊन राह्यलं!

मंडल ऑफिसातले किस्से सांगायला बसलं की संपतच नाहीत. एक सांगावा तर त्याच्या मागं दुसरा उभाच! मैत्रिणी पोट धरून हसतात. मीही हसते, शेवटचा किस्सा येईपर्यंत.

पुण्यात शिकत होते तेव्हा वाटायचं, आपण आंध्रातल्या आदिलाबादला परत जाऊ, प्राणहितेकाठच्या गावागावात भोंगे बसवू, तरुणांची पथकं उभारू. पूर येईल आणि गाव शिस्तीत उठून उंचावर जाईल! ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परत आले, एका संस्थेची कार्यकर्ती म्हणून. काम : मंडल ऑफिसला, म्हणजे तिकडच्या तालुका कचेरीला, पुराच्या तयारीत मदत करणं. तिथं सापडलं काय? एक बोट, एक वायरलेस, एक स्ट्रेचर आणि एक गिरदावर साहेब. गिरदावर म्हणजे महसूल निरीक्षक. निजाम गेला, हुद्दा राहिला!

नदीच्या वळणावरच्या एका गावाची खालची आळी पुरात सगळ्यांत आधी बुडायची. पाणी चढायच्या आत ती शाळेच्या टेकाडावर गेली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. पहिल्याच बैठकीत त्या आळीतल्या जनाकाकूंनी विचारलं, "आमचे तात्या बाजेवरून उठत नाई. त्यायले कोन उचलन वो बाई?"

मी ऐटीत म्हटलं, "काकू, स्ट्रेचर आहे ना!"

*

बोट ऑफिसच्या आवारात, कडुनिंबाखाली. नदी तिथून बसनं जाण्याइतकी लांब. बोटीत कुणीतरी मिरच्या वाळत घातलेल्या.

"साहेब, बोट नदीवर का नाही?"

गिरदावर साहेबांना माझी कीव आली. "म्याडम, नदीवर ठिवली तं पुरात वाहून नाई का जाईन?"

*

वायरलेस होता, पण कपाटात. कपाटाची किल्ली ज्या कारकुनाकडं, तो नाल्यापलीकडं राहायचा. पाऊस लागला की नाल्याला पाणी, आणि नाल्याला पाणी आलं की कारकून रजेवर.

मी म्हटलं, "मग पावसाळ्यात वायरलेस चालतो कसा?"

"उन्हाळ्यात एकदम फस्क्लास चालते!"

*

इंद्रवेल्लीला पोलिसांनी आदिवासींच्या सभेवर गोळीबार केला, तेव्हापासून आमच्या भागात चार पोरं एका झाडाखाली बसली तरी पोलिसांचे कान टवकारायचे. मी तर वीसेक पोरं जमवली होती. दोर, टॉर्च, शिट्ट्या! गाठी मारायचं शिक्षण चालू असतानाच जीप आली.

ठाणेदार हिंदीत गुरगुरले, "ये तैयारी किसके खिलाफ?"

"नदीच्या! नदी के खिलाफ!"

ते कॉन्स्टेबलकडं वळले. "लिखो, प्राणहिता."

कॉन्स्टेबल इमानानं लिहू लागला आणि मान वर करून मला विचारतो, "बाप का नाम?"

दोर जप्त झाला. पोरं पुन्हा आली नाहीत.

*

मग रंगीत तालीम. एकानं जखमी व्हायचं, चौघांनी स्ट्रेचरवरून त्याला टेकाडावर न्यायचं. मी म्हटलं, "तात्यांनाच नेऊ."

गावात कुजबुज. पहिला मान पाटलाचा! पाटील धोतर सावरत स्ट्रेचरवर आडवे झाले. मानाचं काम म्हणून कुणीतरी हारही घातला. चौघांनी खांदा दिला. मिरवणूक पाटलांच्या दारावरून निघाली, आणि आतून पाटलीणबाई बाहेर आल्या...

त्यांनी जो हंबरडा फोडला!

पाटील ताडकन उठून बसले, तर बघायला जमलेल्या बायकांतल्या दोघी बेशुद्धच पडल्या. त्या दिवसापासून स्ट्रेचर अपशकुनी ठरलं. "जित्या मानसाले त्याच्यावर ठिवाचं नाई," पाटलांनी बजावलं. स्ट्रेचर शाळेमागं भिंतीला टेकून राहिलं.

*

आणि हा शेवटचा.

त्या दिवशी आमच्याकडं कडक ऊन होतं. पाऊस तिकडं वर, वर्ध्याच्या अंगाला झालेला. पुराचा निरोप ऑफिसात आला तो तेलुगूत. बोटीसाठी ट्रॅक्टर मिळेना, म्हणून मी तिथंच भांडत राहिले. गिरदावर साहेबांनी दवंडीवाल्या शंकरला सायकलवर पुढं पिटाळलं. त्याला निरोप दिला, "नीळ्ळु वस्तुन्नायि." शंकरनं गावात डफ वाजवून मराठीत सांगितलं, "पाणी येऊन राह्यलं हो, पाणी!"

भाषांतरात एका अक्षराची चूक नव्हती.

फक्त टेकाडावर शाळेपाशी एक नळ होता. कित्येक वर्षांपासून कोरडा. दर निवडणुकीला त्याला पाणी येणार असायचं.

मी पोचले तेव्हा सगळी खालची आळी टेकाडावर होती. घागरी, हंडे, बादल्या घेऊन, रांगेत! भांडणं चाललेली : "मी आंधी आली!" "तू काऊन घुसून राह्यली वो?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी शिस्त मी पुण्यातसुद्धा पाहिली नव्हती.

रांगेत पहिल्या जनाकाकू. दोन घागरी घेऊन.

"काकू, तात्या?"

"घरी हायेत. नळावर मानूस काऊन आनाचा? त्यायची घागर आनली ना मी!"

मी वळून पाहिलं. आळीची वाट पाण्याखाली गेली होती. काकूंनीही पाहिलं. घागर हातातून सुटली आणि उतारावरून वाजत वाजत खाली गेली.

सकाळी पाणी ओसरलं. तात्या बाजेसकट बाभळीला अडकलेले सापडले. तालमीतले चौघं चिखलात उभे होते. पाटील शाळेकडं बोट करून म्हणाले, "आना ते. आता चालते."

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत बोट. बोटीत मिरच्या.

मी शंकरला बाजूला घेतलं. पुढच्या पुराची दवंडी त्याच्याकडून तिथंच पाठ करून घेतली. "आइका हो! टेकाडावरच्या नळाले पाणी येऊन राह्यलं! मानशी एक घागर! मानूस हजर नसन त्याले पाणी नाई! म्हातारे, बिमार, बाजेवरचे, समदे उचलून आना!"

शंकर घुटमळला. "पन म्याडम, नळ तं कोरडा हाय."

"पुन्हा म्हण," मी म्हटलं. "आणि बाजेवरचे, हे जोरात."