साटोरीवाला भोंडला

बायको गेली त्या साली नवरात्रात आमच्याकडे भोंडला झाला नाही. होणारच नव्हता, वर्ष सुतकी होतं. यंदा वर्षश्राद्ध उरकलं आणि माझ्या मनाने घेतलं, आता नाही झाला तर तिचा भोंडला कायमचा मोडला. पण बोलवायचं कुणाला? लखनौत मराठी बायका कुठे कुठे राहतात ते सगळं तिच्या डोक्यात होतं. मी एअरफोर्सच्या गाड्या चालवल्या, मला रस्ते ठाऊक. तिच्या ओळखीतल्या निम्म्या तर बदली होऊन गेल्या.

सून म्हणाली, "पापाजी, इन्स्टाग्रामवर टाकू. नव्या मराठी लडकियां सगळ्या तिथेच आहेत. बस, हॅशटॅग चांगला पाहिजे."

सून इथलीच, लखनौची. मराठी बोलते, पण फोडणी हिंदीची. तिने मला समजावलं, शब्दाच्या आधी ती जाळीसारखी खूण लावली की त्या शब्दाचं सगळं एका जागी दिसतं.

"मग भोंडला लाव की. त्यात काय डोकं खाजवायचं?"

तिने लावून दाखवलं. पुणं, नाशिक, कुठल्या कुठल्या शाळा, नऊवारीतल्या पोरी, संपेचना. "यात आपल्याला कोण शोधणार?" म्हणाली. बरोबर होतं. मग मी सांगितलं, लखनौचा मराठी महिलांचा भोंडला असं सगळं एकत्र लाव.

"अरे पापाजी, एवढं टाइप करेपर्यंत दसरा येईल! छोटा पाहिजे, दुसऱ्या कुणाचा नको, आणि ऐकला की लक्षात राहिला पाहिजे." मग तिने विचारलं, "मम्मीजींच्या भोंडल्यातलं लोकांना काय आठवतं?"

"साटोरी." माझ्या तोंडून निघूनच गेलं. शेवटच्या भोंडल्याला तिने खव्याची साटोरी केली होती. बायका अजून नाव काढतात. यंदाही तीच करायची हे मी ठरवूनच ठेवलं होतं.

सुनेने लगेच टाकलं. #साटोरीवालाभोंडला.

संध्याकाळी निशातगंजच्या वहिनींचा फोन. बायकोची जुनी मैत्रीण, फौजीची बायको, आवाज तोफेचा. "अहो भाऊजी, खिरापत फोडलीत की तुम्ही! आता आम्ही ओळखायचं काय, कपाळ?"

मी डोक्याला हात लावला. गाणी झाली की खिरापतीचा डबा झाकलेलाच आणायचा, वाजवायचा, आणि आत काय ते बायकांनी ओळखायचं. त्यातच खरी मजा. माझी बायको तर मलाही कळू द्यायची नाही, दार लावून तळायची. सून घरात आली ती त्या शेवटच्या भोंडल्यानंतर, तिला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असून उपयोग झाला नाही.

सून रडकुंडीला आली. "बदलून टाकू पापाजी. दुसरं काही बनवू."

पण तोवर ते नाव पसरलं होतं. सरोजिनी नगरहून कुणीतरी पत्ता विचारला, जानकीपुरमच्या दोघी बहिणींना घेऊन येणार होत्या. मी म्हटलं, "राहू दे. साटोरीच होईल."

भोंडल्याच्या दिवशी गच्ची भरली. पाटावर हत्ती काढला, बायकांनी फेर धरला. नव्या पोरी फोनमध्ये बघून गाणी म्हणत होत्या. मी पुरुषमाणूस, जिन्याच्या दाराशी उभा. शेवटी सुनेने डबा आणला, हलवला. आत काय ते प्रत्येकीला ठाऊक होतं.

"शंकरपाळी!" वहिनी ओरडल्या.

"नाही," सून म्हणाली.

"ढोकळा!"

"खस्ता कचौडी!" एक बँकवाली पोरगी.

"भाऊजींनी तळलंय ना? मग काहीतरी करपलेलं असणार!" हशा झाला.

सून गोंधळली. "अरे, पर सबको तो पता..."

"गप गं तू. डबा वाजव."

चिवडा झाला, लाडू झाले, कुणी मुद्दाम मटार कबाबसुद्धा म्हणालं. ते एक नाव मात्र कुणीच घेतलं नाही. शेवटी वहिनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. "हरलो बाई आम्ही. भाऊजी, या इकडे. हरल्यावर घरच्यांनी सांगायचं असतं."

इतकी वर्षं भोंडला माझ्याच गच्चीवर झाला, पण मी त्या रिंगणात कधी पाय ठेवला नव्हता. गेलो. सांगितलं. पण आवाज पुढच्या दोघींपलीकडे गेला नाही.

मागून एक नवी पोरगी ओरडली, "अंकल, जोर से!"

मग मोठ्याने सांगितलं.