बायकांच्या मापाचे बाक

आई चर्चच्या व्हरांड्यातल्या कट्ट्यावर बसून रविवारची प्रार्थना ऐकायची. गुडघा दुखायला लागल्यापासून तिला जमिनीवर बसता येत नव्हतं, आणि आमच्या गावच्या कवेलूच्या छपराच्या चर्चमध्ये सगळे सतरंजीवरच बसत. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. आत एक खुर्ची टाकणं अवघड नव्हतं. पण सासरे आणि थोरले दीर खाली, आणि सून खुर्चीवर, हे आमच्याकडे चालत नाही. देवासमोर सगळे सारखे, हे वेदीवरून सांगितलं जायचं आणि माझी आई ते दाराबाहेरून ऐकायची.

मी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांसाठी पत्रकं लिहिते, सडक अर्जुनीच्या बाजारात उभी राहून वाटते. ‘आपली जागा सोडू नका’ असं त्यांत मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. घरचीच बाई बाहेर बसवून ही पत्रकं वाटताना मला लाज नाही, चीड आली. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, बाक करू. सगळेच वर बसले की कोणी कोणाच्या वर राहणार नाही. आणि आई आत येईल, हेही सांगितलं. आडपडदा कशाला?

बाबा चर्चचा कारभार पाहतात. ते “करू” म्हणाले.

वनखात्याच्या डेपोतून सागवान आलं. गावच्या सुताराला मी मामा म्हणते. हयातभर त्यानं बैलबंड्या आणि नांगर केले. चर्चचं काम करशील का, विचारलं तर म्हणाला, “देवाचंच काम होय. कोन्त्या देवाचं, ते तुमी पाहून घ्या.” धान घरात आलं होतं, हात मोकळे होते. चर्चमागच्या चिंचेखाली तो सांधे कोरायचा, मी रंधा मारायची. खिळा एकही नाही, सांध्यात सांधा ठोकून बसवलेला. हाताला फोड आले. ते फुटले, तिथे घट्टे पडले. काम थांबलं नाही.

बाक आत लागले. बायका बसल्या आणि सगळ्यांचे पाय अधांतरी! झोपाळ्यावर बसल्यासारख्या.

“हे काय करून ठेवलं व माय,” माझी धाकटी काकू म्हणाली, “आमी काय चिमण्या होय, तारेवर बसाले?”

हसल्या आणि एकेक करून उतरून सतरंजीवर बसल्या. आईचा लोंबता गुडघा ठणकायला लागला. भिंत धरत धरत ती परत व्हरांड्यात गेली.

मी मामाला धरलं. “माप कोणाचं घेतलं होतं?”

“तुह्या बापाचं. अन् आणखी तिघं होते तेथं, त्याहिचं.”

“बायकांचं काऊन नाही घेतलं?”

“कोन्ती बाई माह्यापुढं खुर्चीवर बसली आजलोक? बाई त घरात खालीच बसते. तिची बसाची उंची मले का मालूम?”

खरं होतं ते. गावात कुणी बाईला खुर्चीवर बसलेलं पाहिलंच नव्हतं, तर माप येणार कुठून? उलट माझा राग वाढला.

“बायकांकडच्या बाकांचे सारे पाय कापा,” मी म्हटलं.

बाबा आडवे आले. “एका चर्चात दोन उंचीचे बाक? फादर बाकाले आशीर्वाद द्याले येऊन राहिले. कसं दिसन ते?”

“बाई बाहेर बसलेली कशी दिसते?”

बाबा बाजूला झाले. मामा हळहळला, “चांगल्या बैलाचे पाय कापाले लावते ही पोरगी.” पण करवत त्यानंच काढली.

माप आईचंच घ्यायचं ठरवलं. मामासमोर ती बसेना. मग घरात धानाच्या पोत्यावर बसवलं, टाचा जमिनीला टेकेपर्यंत पुढे सरकवलं आणि तुऱ्हाटीची काडी जमिनीपासून गुडघ्यामागे उभी लावून तिथंच मोडली. ती काडी मामाला नेऊन दिली. करवतीचं एक टोक त्यानं धरलं, एक मी. बाक उलटे पाडून आम्ही पाय कापत गेलो, शेवटचा होईपर्यंत.

फादर आले त्या रविवारी काकू सवयीनं सतरंजीवरच बसली. बाकीच्याही तिच्या मागे. आई दारात आली. समोर पुरुषांच्या बाकावर तिचे थोरले दीर होते, ते खाकरले. तिनं पदर पुढे ओढला. मला वाटलं, फिरते आता मागे. ती सावकाश चालत पहिल्या बाकाशी गेली आणि बसली. दोन्ही तळपाय जमिनीवर, सपाट. काकूकडे वाकून म्हणाली, “वर ये व. मले एकटीले नवरीसारखं बसवून ठेवतं का?”

काकू उठली. तिच्यामागे आणखी दोघी, मग सगळ्याच उठल्या. पहिल्या बाकावर दाटी झाली. “सरक ना जराशी,” “तू सरक, अर्धा बाक तर तुलेच लागते,” असं प्रार्थना सुरू झाली तरी चालूच.

“चूप बसा,” बाबा पलीकडून दबक्या आवाजात म्हणाले.

“तुमी चूप राहा,” आई त्यांच्याकडे न पाहता म्हणाली. “आमी बसून राहिलो.”