ग्रेसी मॅडमचा मेन स्विच

नव्या गिऱ्हाइकाकडे गेल्यावर ग्रेसी मॅडम पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी मेन स्विच कुठे आहे ते विचारायच्या. समोरच्याने बोट दाखवलं की उठून तो सरळ बंद करायच्या. पंखे थांबायचे, यूपीएस किंचाळायला लागायचा, आतून कुणीतरी ओरडायचं, आणि मॅडम पदराने वारा घेत कोण काय करतंय ते बघत बसायच्या. "लाईट गेल्यावर चालतो तो खरा धंदा, बाबा. बाकी सगळी रोषणाई हाय," असं त्यांचं म्हणणं. भाईंदरला तेव्हा भारनियमन दूधवाल्यासारखं नेमाने यायचं, त्यामुळे त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही.

मॅडम मूळच्या उत्तनच्या. भाईंदरच्याच गोडदेव भागात दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं. दुकानं, दवाखाने, शाळा यांना आम्ही कॉम्प्युटरवर नोंदी ठेवायचे प्रोग्रॅम करून द्यायचो. आम्ही म्हणजे मॅडम आणि मी. इंटरनेटवर चालणारे प्रोग्रॅम बनवायची साधनं तेव्हा नवीनच हाताशी आली होती, आणि नवीन ते सगळं चांगलं असं मानायचं माझं वय होतं. मॅडमचा जीव मात्र टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या डब्यात. प्रोग्रॅम आणि माहिती दोन्ही आपल्याच मशीनमध्ये हवी.

काशीमीऱ्याच्या पाटीलशेठच्या लग्नाच्या हॉलचं काम आलं तेव्हा आमची जुंपली. शेठचं एक ऑफिस हॉलवर, दुसरं भाईंदर स्टेशनजवळ. दोन्हीकडे बुकिंग चालायचं.

"मॅडम, हे ऑनलाइनच हवं," मी म्हटलं. "दोघांनी एकच तारीख दिली तर?"

उत्तरादाखल त्यांनी शेठच्या ऑफिसातला मेन स्विच पाडला. कॉम्प्युटर यूपीएसवर तग धरून राहिला, पण इंटरनेट मेलं, कारण केबलवाल्याचा डबाही त्याच लाईनवर होता. "आता पोरीचा बाप तारीख घ्यायला आला, तर त्याला काय सांगशील? नेट न्हाय, उद्या ये?" प्रोग्रॅम डेस्कटॉपवरच झाला. रोज संध्याकाळी शेठचा ड्रायव्हर एका ऑफिसातून दुसऱ्यात पेन ड्राइव्ह नेणार आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळवणार, असं ठरलं. मॅडमशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिला नव्हता.

पुढे माझंच लग्न ठरलं. हॉल अर्थात तोच; स्टेशनजवळच्या ऑफिसात तारीख नोंदवूनही आलो होतो. पत्रिका वाटत मी पाटीलशेठकडे गेलो, तर त्यांनी स्क्रीनकडे बघून डोकं खाजवलं. "मंदार, त्या दिवशी शहांच्या मुलीचं लग्न हाय रे. तुझं नावच न्हाय."

मी स्क्रीन माझ्याकडे वळवून नोंदी तपासल्या. एकाच दुपारी दोन्ही ऑफिसांनी तीच तारीख दिली होती, आणि संध्याकाळी जुळवणी करताना शहांची नोंद माझ्या नोंदीवर जाऊन बसली होती. लग्नसराई ऐन भरात, दुसरा हॉल मिळणं अशक्य. होणाऱ्या सासऱ्यांना काय तोंड दाखवणार होतो, देव जाणे.

मॅडमनी ऐकलं, पर्स उचलली आणि रिक्षा केली. हॉलवर दोन्ही कुटुंबं जमली. माझे सासरे धुसफुसत होते, शहाभाई टेबलावर मूठ आपटत होते. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. "चूक माझी. ह्या पोराने आधीच सांगितलेला, मीच ऐकला न्हाय." मी थक्क झालो. चूक इतक्या ताठ मानेने कबूल करणारं माणूस मी तोवर बघितलंच नव्हतं.

मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. "मुहूर्त किती वाजता हाय?"

आमचा दुपारी बाराचा. शहाभाई म्हणाले, "बेन, हमारे यहाँ तो फेरे रात को होते हैं." म्हणजे दोन्ही लग्नं एकाच दिवशी बसत होती! दिवसाला एकच लग्न हा शेठचा रिवाज, म्हणून प्रोग्रॅममध्ये आम्ही फक्त तारीख घेतली होती, वेळ नाहीच. "पण साफसफाई?" शेठ कुरकुरले. मॅडम म्हणाल्या, "चार वाजता हॉल चकाचक करून देते. झाडू मी मारते, बस?"

त्यांनी खरोखरच मारला. लग्नाच्या दिवशी जरीच्या साडीत, पदर खोचून, त्या पंगतीत फिरत होत्या. "जेवा पोटभर, पण गप्पा घरी जाऊन मारा!" माझी आत्या अजून सांगते की त्या बाईने तिला जिलेबी अर्धीच टाकून उठायला लावलं. शहांच्या झेंडूच्या माळा सकाळीच लागल्या होत्या, त्या आम्हाला आयत्या मिळाल्या. पंगतींच्या आधी, मंगलाष्टकं रंगात आली असताना, लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद. सगळ्या हॉलने वळून मॅडमकडे पाहिलं.

"मी न्हाय केला!" त्या ओरडल्या, आणि अख्खा हॉल हसला. भटजींनी आवाज चढवला, अक्षता पडल्या, आणि विजेवाचून आमचं लग्न लागलं.

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी मला बोलावून बुकिंग ऑनलाइन करायला लावलं. मात्र रोज सकाळी तारखांचा छापील कागद दोन्ही ऑफिसांत टांगायचा, ही अट घातली. वीज नसताना कागद बघून गिऱ्हाइकाशी बोलायचं, आणि तारीख पक्की करण्याआधी दुसऱ्या ऑफिसला फोन करायचा. मला हे बावळटपणाचं वाटलं होतं. आता मी कुणालाही काहीही करून दिलं, तरी आधी त्यांचा मेन स्विच शोधतो.

मॅडम आता उत्तनला असतात. ऐकू कमी येतं, पण आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला फोन न चुकता येतो. मी उचलला की पलीकडून घरभर ऐकू जाईल अशी दरडावणी, "काय रे, तारीख अजून तुझ्याच नावावर हाय ना?"

मी काही बोलायच्या आत बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "हाय!"